लांडगा आला रे आला!

लहानपणी 'लांडगा आला रे आला' ही गोष्ट आपण सर्वांनीच ऐकली आहे. गुराखी पोर खोटेच ओरडते, गाव काठ्या घेऊन धावत येते आणि फसते. पुढे खरा लांडगा येतो तेव्हा कोणी फिरकत नाही. खोटे बोलू नये, हे त्या गोष्टीतून पोराने घ्यावयाचे. गावकऱ्यांनी त्यातून काही घ्यावयाचे आहे काय, हा प्रश्न आम्ही शिक्षक मंडळी वर्गात क्वचितच काढतो. गेल्या पावसाळ्यात आम्हांस तो काढावा लागला, आणि तोही एका भयपटाच्या निमित्ताने.

शाळेच्या सभागृहात दहावीच्या विद्यार्थ्यांस आम्ही 'द वुल्फ मॅन' हा १९४१ सालचा अमेरिकन चित्रपट दाखविला. चित्रपट कृष्णधवल, अवघ्या ७० मिनिटांचा. दुसऱ्याच दिवशी एक पालक दारात उभे. "मास्तर, भुताखेतांच्या गोष्टी मुलांना घरी काय कमी ऐकायला मिळतात, की त्या शाळेतही दाखवायच्या?" आक्षेप रास्त होता. त्यास उभ्या उभ्या उत्तर देणे आम्हांस जमले नाही. ते या पानांवर देण्याचा प्रयत्न करीत आहोत. चित्रपट निर्दोष आहे असे मात्र आम्ही म्हणणार नाही. त्याचे दोष मुलांनीच आम्हांस अधिक दाखविले.

कथानक थोडक्यात असे. लॅरी टालबट हा वेल्समधील एका जमीनदाराचा धाकटा मुलगा. अठरा वर्षे अमेरिकेत काढून, थोरला भाऊ शिकारीतील अपघातात वारल्यावर तो घरी परततो. वडील सर जॉन हे शास्त्राचे अभ्यासक. घराच्या माळ्यावर त्यांची दुर्बीण आहे. गावातील एका जुन्या वस्तूंच्या दुकानातून लॅरी लांडग्याच्या तोंडाची चांदीची मूठ असलेली काठी विकत घेतो. त्याच रात्री जिप्सींच्या तळाजवळ एका मुलीवर लांडगा झडप घालतो. तिला वाचविण्यासाठी लॅरी धावतो, त्या काठीने लांडग्यास ठार करतो. पण झटापटीत लांडगा त्याला चावतो. सकाळी तेथे लांडग्याचे प्रेत नसतेच. असते ते बेला नावाच्या जिप्सी ज्योतिष्याचे. पुढे रात्र झाली की लॅरीच लांडगा होतो, आणि त्याचा पुढचा बळी कोण, हे त्या बळीच्या तळहातावर उमटलेल्या पंचकोनी ताऱ्यावरून त्याला दिसते.

आता पाहा, हा मनुष्य काय करतो. तो लपत नाही, सबबी सांगत नाही. तो वडिलांपाशी जातो, डॉक्टरांपाशी जातो, पोलीस अधिकाऱ्यापाशी जातो आणि सांगतो, की लांडगा आला आहे. तो लांडगा मीच आहे. गोष्टीतले पोर खोटे सांगत होते म्हणून गावाने शेवटी ऐकले नाही. येथे मनुष्य प्रथमपासून खरे सांगतो, तरीही कोणी ऐकत नाही. डॉक्टर म्हणतो, मनाला धक्का बसला आहे. वडील म्हणतात, हे मनाचे खेळ आहेत, टालबट घराण्यातील पुरुषाने असे डळमळू नये. अखेर लॅरीच्या मनातील 'भ्रम' घालविण्यासाठी सर जॉन त्याला खुर्चीस बांधून ठेवतात, आणि त्याच्या आग्रहास्तव ती चांदीची काठी हाती घेऊन शिकारीस निघतात. धुक्याने भरलेल्या रानात एक लांडगा एका मुलीचा गळा दाबताना त्यांना दिसतो. ते काठीने त्याला ठेचून मारतात. मग त्या मृत चेहऱ्यावरील केस हळूहळू नाहीसे होतात.

शेवट झाल्यावर मागच्या बाकावरच्या एका मुलीने विचारले, "सर, पोरगो इतका सांगतालो, तर बापायन आयकलां कित्याक ना?" प्रश्न तिने आमच्या घरच्या भाषेत, कोकणीत विचारला, बहुधा मराठीत जुळवीत बसण्याइतका धीर तिला उरला नव्हता. आमच्या मते या चित्रपटाचे सारे सामर्थ्य त्या एका प्रश्नात आहे.

सर जॉन हे दुष्ट बाप नाहीत, मूर्खही नाहीत. ते विचारी, प्रेमळ, सुशिक्षित आहेत. म्हणजे बहुतांशी आपल्यासारखेच. मुलाचे बोलणे ते ऐकून घेतात, पण ते खरे असू शकेल, एवढी जागा त्यांच्या मनात नाही. ही भूमिका क्लॉड रेन्स यांनी केली आहे. पहिल्या महायुद्धात विषारी वायूच्या हल्ल्यात सापडून या नटाच्या एका डोळ्याची दृष्टी जवळजवळ गेली होती. हे ठाऊक असल्याने असेल, पण दुर्बिणीतून आकाश न्याहाळणारा आणि समोरचा मुलगा न दिसणारा तो बाप पाहताना आम्हांस त्या डोळ्याची आठवण होत राहिली.

दुसरा लक्षात राहणारा प्रसंग चर्चमधील. यात राक्षस नाही, रक्त नाही. रविवारची प्रार्थना चालू आहे, लॅरी दारातून आत येतो, आणि पुढच्या बाकांवरची एकेक मान मागे वळू लागते. कोणी काही बोलत नाही. तो क्षणभर उभा राहतो आणि निघून जातो. केसाळ पाय पाहून खदखदून हसलेली आमची मुले येथे एकदम गप्प झाली. वर्गात एखाद्या मुलावर शिक्का बसला की तो दारातून आत येताना काय होते, हे त्यांना ठाऊक आहे. आम्हांसही ठाऊक आहे, आणि तेव्हा आम्ही दर वेळी वेळेवर बोललो असू, असे छातीवर हात ठेवून सांगवत नाही.

हे सारे लिहिणारा कोण, हे पाहिले म्हणजे चित्रपटाची दुसरी बाजू दिसते. कर्ट सिओडमाक हा १९०२ साली ड्रेस्डेन येथे जन्मलेला ज्यू लेखक. हिटलर सत्तेवर आल्यावर १९३३ साली त्याने जर्मनी सोडली. इंग्लंडमार्गे १९३७ मध्ये तो अमेरिकेत पोचला. माणसाच्या अंगावर तारा उमटतो आणि त्यामुळे तो मरणास पात्र ठरतो, ही कल्पना अशा लेखकाने करावी, हे सहज सुचले असे वाटत नाही. ज्या वर्षी हा चित्रपट निघाला, त्याच वर्षीच्या सप्टेंबरात जर्मनीतील ज्यूंवर छातीस पिवळा तारा लावण्याची सक्ती झाली. अर्थात या जोडीवर फार भार घालू नये. पंचकोनी ताऱ्याचा जादूटोण्याशी संबंध युरोपात जुनाच आहे, आणि ज्यूंचा तारा षट्कोनी. तथापि आपले आणि लॅरीचे दैव एकाच जातीचे होते, अंगी काही अपराध नसता ते आपल्यावर लादले गेले, असे सिओडमाकने स्वतःच उतारवयात सांगितले आहे. चित्रपटात गावातील जो तो एक लहानसे पद्य म्हणून दाखवितो. शुद्ध मनाच्या, देवभीरू माणसासही ही बाधा होऊ शकते, असा त्याचा आशय. पुष्कळांना ते जुने लोकगीत वाटते. ते सिओडमाकने स्वतः रचलेले आहे.

आमच्याकडील भुते वेगळी. आमच्या आजीच्या गोष्टींतला गावच्या सीमेवरचा राखणदार हातात काठी, खांद्यावर घोंगडी घेऊन फिरे. मान राखला तर वाट चुकलेल्यास घरी आणून सोडी. ते भय घराबाहेरचे होते, आणि त्याच्याशी देणे-घेणे करता येत होते. लॅरीचे भय त्याच्याच अंगात आहे. दार लावून ते बाहेर ठेवता येत नाही.

सिओडमाकच्या मूळ मसुद्यात आणखी एक गोष्ट होती. तेथे नायक जमीनदाराचा मुलगा नसून दुर्बीण बसवावयास आलेला अमेरिकन कारागीर होता, आणि तो खरोखर लांडगा होतो की त्याला तसे वाटते, हे प्रेक्षकास शेवटपर्यंत कळू द्यावयाचे नव्हते. चित्रसंस्थेने ते बदलले. युनिव्हर्सलला आपला राक्षस पडद्यावर हवा होता. धंद्यासाठी कलेचा बळी दिला, असे यावर सहज म्हणता येईल. आम्हांस ते पटत नाही. संशय राखला असता तर आपणही सर जॉनच्या बाजूस उभे राहिलो असतो, आणि बापाचे न ऐकणे शहाणपणाचे वाटले असते. आपण लांडगा डोळ्यांनी पाहिला आहे, म्हणूनच ते न ऐकणे सलते. शिवाय कारागिराचा मुलगा झाला, म्हणून तर शेवटी काठी बापाच्या हाती आली!

आता उणिवा. हसू येण्याजोग्या आधी सांगतो. बेला लांडगा होतो तो चार पायांचा. लॅरी होतो तो दोन पायांचा, शर्टाची बटणे लावलेला. खोलीत रूप पालटताना त्याच्या अंगात पांढरी बंडी असते, रानात पोचेपर्यंत ती गडद शर्ट होते. आमच्या एका विद्यार्थ्याने हा लांडगा वाटेत शिंप्याकडे गेला असावा, असे अनुमान काढले. बाप ठेंगणा, अस्सल इंग्रजी वळणाचा, आणि मुलगा धिप्पाड, बोलण्यात पुरता अमेरिकन; अठरा वर्षांच्या परदेशवासाचे कारण येथे पुरे पडत नाही. लॉन चेनी धाकटे हे लॅरीची व्यथा मनापासून दाखवितात, पण त्यांचे दुःख प्रथमपासून एकाच पट्टीत लागलेले असते.

याहून गंभीर दोष लॅरीच्या वागण्याचा. वडिलांच्या दुर्बिणीतून तो गावातील एका तरुणीच्या खोलीत डोकावतो, मग तिच्या दुकानात जाऊन तेथे पाहिलेल्या कर्णभूषणांची गोष्ट काढतो. ती स्पष्ट नकार देते, तरी रात्री आठ वाजता तो दारी हजर. चित्रपट याला रसिकता समजतो. आम्ही समजत नाही, आणि आमच्या मुलींनीही तसे समजू नये, एवढे त्याच दिवशी वर्गात सांगितले.

चित्रपट युद्धकाळातला, पण युद्ध त्यात कोठेच नाही. ७ डिसेंबर १९४१ रोजी पर्ल हार्बरवर हल्ला झाला. पाच दिवसांनी, १२ डिसेंबरला तो अमेरिकेत प्रदर्शित झाला. कथेतील गावात मोटारगाड्या आहेत, म्हणजे काळ तोच. परंतु अंधारबंदी नाही, रेशन नाही, रस्त्यात एक सैनिक नाही. त्याच वर्षीच्या फेब्रुवारीत त्याच वेल्समधील स्वान्सी शहर ओळीने तीन रात्री जर्मन बॉम्बफेकीत होरपळले होते. प्रेक्षकांना घटकाभर विसर पडावा, हा हेतू असेल. पण एका गावाला चार रात्री छळणाऱ्या लांडग्यापेक्षा त्या खऱ्या रात्री भयंकर होत्या, हे विसरता येत नाही.

आणि ज्या उणिवेस आम्ही क्षमा करू शकत नाही, ती जिप्सींची. बाधा येते ती त्यांच्या तंबूतून. ते येतात आणि गावात मरण येते, ही युरोपातली जुनी लोकसमजूत लेखकाने जशीच्या तशी उचलली. नाझींनी ज्यूंबरोबरच या रोमा लोकांचीही कत्तल केली. त्यांचे लाखो लोक त्या काही वर्षांत मारले गेले. स्वतः शिक्का बसलेल्या लेखकास दुसऱ्यावरचा शिक्का दिसू नये, याचे आश्चर्य वाटते, दुःखही होते. आपल्याला तर ते अधिकच जवळचे वाटावे. रोमांची भाषा भारतीय आर्य कुळातली. पाण्याला ते 'पानी' म्हणतात आणि नाकाला 'नाख'. हे सांगितल्यावर वर्गात नाकाला हात लावून पाहणारे दोघे-तिघे निघालेच. न्याय म्हणून एवढे म्हटले पाहिजे, की लॅरीवर विश्वास ठेवणारी सबंध चित्रपटात एकच व्यक्ती ठामपणे उभी आहे, आणि ती म्हणजे बेलाची म्हातारी आई, मालेव्हा. मॉस्को आर्ट थिएटरमध्ये घडलेल्या मारिया उस्पेन्स्काया या नटीने ती उभी केली आहे. आवाज न चढविता, मृतावर वाकून चार वाक्ये ती अशी बोलते, की इतरांचा अभिनय शाळेच्या स्नेहसंमेलनातला वाटू लागतो.

तांत्रिक बाजूवर फार लिहीत नाही. जॅक पिअर्स यांनी याकच्या केसांनी चढविलेला तो मुखवटा आजच्या मुलांस भिववीत नाही, हे खरे. धुके मात्र अजून भिवविते.

शेवटाविषयी एक गोष्ट राहिली. पोलीस अधिकारी रानात येतो, पडलेला लॅरी पाहतो आणि आपल्या परीने उलगडा करून टाकतो: लांडग्याने मुलीवर हल्ला केला, तिला वाचवावयास हा बिचारा धावला आणि मेला. म्हणजे गावाच्या दप्तरी लॅरी वीर म्हणून नोंदला जाणार. सर जॉनना सत्य ठाऊक आहे. ते बोलत नाहीत. लॅरी बोलत होता तेव्हा कोणी ऐकले नाही. आता ऐकावयास सारे जमले आहेत, आणि ज्याला ठाऊक आहे त्याच्या तोंडून शब्द फुटत नाही.

१९४३ साली याचा पुढील भाग निघाला. त्यात लॅरीला थडग्यातून उठवून फ्रँकेनस्टाईनच्या राक्षसाशी झुंजविले आहे. बाधेची वेळ पौर्णिमेची, हेही त्याच चित्रपटापासून रूढ झाले. मूळ चित्रपटात तसे कोठे म्हटलेले नाही. राक्षसाच्या भूमिकेतील बेला लुगोसी यांचे संवाद चित्रण झाल्यावर कापून टाकले गेले, त्यामुळे त्यांचे तोंड हलते आणि शब्द येत नाहीत. मुलांनी तो दाखविण्याचा पुष्कळ आग्रह धरला आहे. तो आम्ही दाखविणार नाही. तक्रार घेऊन आलेल्या पालकांस तेवढे आश्वासन आम्ही दिले आहे.