पाचटातलं इथेनॉल अडतंय कुठे?

तुमच्या बाईकमध्ये आता जे पेट्रोल पडतं, त्यात 20 टक्क्यांपर्यंत इथेनॉल असतं. ते मुख्यतः उसाचा रस, मळी आणि धान्यातून येतं. 7 डिसेंबर 2023 ला केंद्राने उसाच्या रसापासून इथेनॉल बनवण्यावर अचानक बंधनं आणली आणि कारखान्यांची तारांबळ उडाली. साखर आणि इंधन, दोन्ही एकाच उसातून काढायचं म्हटलं की हे होणारच.

मग रस सोडून उरलेल्या उसाचं काय?

मांडवगण फराटा घ्या. भीमेकाठचा उसाचा पट्टा, नदीपलीकडे दौंड तालुका. अशा भागात तोडणीनंतर हेक्टरी साधारण 8 ते 10 टन पाचट उरतं आणि बरेच जण ते पेटवून देतात. त्यातही साखरच आहे, पण सेल्युलोजच्या रूपात, लिग्निनने घट्ट चिकटवलेली. पासवर्ड लावलेली झिप फाईल समजा. एन्झाइम आत शिरतच नाही.

पासवर्ड तोडायचा एक मार्ग म्हणजे एक्स्ट्रुजन. आईचा शेवेचा सोऱ्या आठवा. तो अवाढव्य करा, गरम करा, आत शेजारी-शेजारी फिरणारे दोन स्क्रू बसवा. ओलं पाचट एका बाजूने घातलं की स्क्रू ते दाबतात, घासतात, फाडतात आणि दुसऱ्या टोकाला तंतू मोकळे होऊन पडतात. कुरकुरीत मक्याचे स्नॅक्स अशाच मशीनमधून निघतात! काम न थांबता चालतं, ॲसिड लागेलच असं नाही, यीस्टला त्रास देणारी रसायनंही कमी तयार होतात. पण वीज भरपूर लागते आणि पाचटातली सिलिका स्क्रू झिजवते. मला तरी हा झिजेचा खर्चच खरा अडसर वाटतो.

मोठ्या प्लांटनी सध्या वाफ आणि रसायनांचा रस्ता धरलाय. पुण्याच्या प्राज इंडस्ट्रीजने 2017 मध्ये दौंडलाच प्रात्यक्षिक प्लांट उभारला. त्यांचंच तंत्रज्ञान वापरून पानिपतला इंडियन ऑइलचा प्लांट झाला, 10 ऑगस्ट 2022 ला उद्घाटन. क्षमता वर्षाला 2 लाख टन भाताचा पेंढा आणि त्यातून 3 कोटी लिटर इथेनॉल.

2019 ची प्रधानमंत्री जी-वन योजना अशा प्लांटना पैसे देते. शेतातून पाचट गोळा करणाऱ्याला त्यातून थेट काही मिळत नाही. शिवाय पाचट कुजवलं तर जमिनीचा सेंद्रिय कर्ब वाढतो, ओल टिकते. त्यामुळे सगळं पाचट प्लांटला द्या, असं मी म्हणणार नाही. जे आज जळतंय, तेवढं द्यावं. पण गाठी बांधून ट्रॉलीने न्यायचा खर्च कुणाचा, हे आधी ठरू दे.