रिटर्न चुकलंय? घाबरू नका, सुधारा!

दरवर्षी रिटर्नचा सीझन संपला की ऑफिसात एक ठरलेला सीन बघायला मिळतो. रिटर्न भरून झालेलं असतं, ई-व्हेरिफायही केलेलं असतं, रिफंडच्या पैशांत गोव्याचं प्लॅनिंग सुरू झालेलं असतं. आणि लंच टाइममध्ये कुणीतरी सहज विचारतं, "एफडीचं व्याज दाखवलंस ना रे?" झालं! घास घशातच अडकतो. संध्याकाळपर्यंत डोक्यात नोटीस, ऑडिट, दंड असं सगळं फिरून येतं आणि रात्री स्वप्नात थेट धाड पडते.

मंडळी, जरा श्वास घ्या. भरलेलं रिटर्न म्हणजे दगडावरची रेघ नव्हे. चूक सुधारायची सोय कायद्यातच आहे. प्रश्न एवढाच, की आधी तुम्ही उठता की आधी आयकर खातं उठतं!

पहिलं म्हणजे 'ऑडिट' हा शब्द. कायद्यातलं टॅक्स ऑडिट असतं ते मोठी उलाढाल असलेल्या धंदेवाल्यांचं, सीएकडून करून घ्यायचं. निव्वळ पगारदार माणसाचा त्याच्याशी संबंध नाही. आपण ज्याला घाबरतो ती असते स्क्रुटिनी, म्हणजे रिटर्नची सविस्तर तपासणी. आणि रिटर्न भरल्यावर येणारी प्रत्येक मेल स्क्रुटिनीची नसते. बंगळुरूच्या प्रोसेसिंग सेंटरमधून सगळ्यांनाच एक 'इंटिमेशन' येतं. तुमचा हिशोब आणि आमचा हिशोब जुळला किंवा नाही जुळला, एवढंच ते सांगतं. स्क्रुटिनीची नोटीस पाठवायलाही मुदत असते. ज्या आर्थिक वर्षात रिटर्न भरलं, ते संपल्यानंतर तीन महिने. म्हणजे ३० जूनपर्यंत.

आता जरा कल्याणहून माळशेजच्या रस्त्याला लागू. पावसाळ्यात वीकएण्डला धबधबे बघायला जाताना मुरबाडच्या पुढे टोकावडे लागतं ना, तिथल्या एखाद्या मुलाचं उदाहरण घेऊ. तो ठाण्याला आयटी कंपनीत आहे, शनिवार-रविवार गावी. आजोबांच्या जमिनीच्या सातबाऱ्यावर आता त्याचंही नाव लागलंय. भात होतो, थोडी भाजी होते. रिटर्न भरायला बसला की तो फॉर्म १६ बघतो, आयटीआर-१ निवडतो, पाच मिनिटांत मोकळा. शेतीचं काय? "शेतीला टॅक्स नसतो यार!"

अर्धं बरोबर. शेतीचं उत्पन्न करमुक्त आहे, पण ते दाखवायचंच नाही असं कुणी सांगितलं? आयटीआर-१ मध्ये शेतीचं उत्पन्न फक्त ५,००० रुपयांपर्यंत चालतं. त्याच्या वर गेलं की फॉर्म बदलतो, पगारदाराला बहुतेक वेळा आयटीआर-२ लागतो. शिवाय बाकीचं उत्पन्न करपात्र असेल, तर शेतीचं उत्पन्न 'दर ठरवण्यासाठी' मिळवलं जातं. म्हणजे थेट त्याच्यावर कर नाही, पण पगारावरचा कर थोडा वर सरकतो.

आकड्यांत बघू. समजा, सगळ्या वजावटी जाऊन पगाराचं करपात्र उत्पन्न १५ लाख आणि खर्च वजा जाता शेतीचं त्याच्या वाट्याचं उत्पन्न ८० हजार. २०२५-२६ च्या नव्या करप्रणालीच्या स्लॅबप्रमाणे नुसत्या पगारावर कर होतो १,०५,००० रुपये. शेती धरून हिशोब केला तर १,१३,०००. फरक ८,००० आणि ४ टक्के सेस मिळून ८,३२०. बस, एवढीच ती भानगड! एका चांगल्या बुटाच्या जोडीएवढी.

"पण भाताचे पैसे कोण बघायला येतंय?" असं मनात आलं असेल तर थांबा. शहापूर-मुरबाडच्या बाजूला भात आदिवासी विकास महामंडळाच्या केंद्रावर घातला, की पैसे बँकेत जमा होतात. उद्या तपासणीत कुणी विचारलं की ही रक्कम कसली, तर "शेतीची" असं सांगावंच लागेल. मग पुढचा प्रश्न ठरलेला, "रिटर्नमध्ये का नाही?" त्यापेक्षा सातबारा, विक्रीच्या पावत्या आणि बी-खत-मजुरीचा हिशोब एका फाइलीत ठेवा.

गावाकडची दुसरी हमखास गडबड म्हणजे एफडी. जमीन विकली किंवा रस्त्यात गेली, पैसे आले, बाबांनी बँकेत ठेवले.

"बाबा, एफडीला पहिलं नाव कुणाचं घातलंत?"

"तुझंच की रे! आमच्या मागे तुलाच आहे."

बाबांचं प्रेम खरं, पण बँक व्याजाची माहिती पहिल्या नावाच्या पॅनवर कळवते. मुलाच्या एआयएसमध्ये, म्हणजे आयकर पोर्टलवरच्या त्या वार्षिक माहितीपत्रकात, लाखाचं व्याज झळकतं आणि त्याला पत्ताच नसतो. पैसे बाबांचेच असतील तर पोर्टलवर त्या नोंदीपुढे तसा फीडबॅक द्या, बँकेतही लेखी कळवा आणि बाबांच्या रिटर्नमध्ये ते व्याज दाखवा. पण बाबांनी रक्कम तुम्हाला खरोखर देऊन टाकली असेल, तर व्याज तुमचं आणि करही तुमचाच!

तर आता सुधारायचं कसं? रस्ते तीन.

पहिला, रिवाइज्ड रिटर्न. मुदतीत असाल तर सगळ्यात स्वस्त आणि मस्त. नवं रिटर्न जुन्याची जागा घेतं. फॉर्म बदलता येतो, रिफंड खात्यात आला असला तरी भरता येतं, नुसतं इंटिमेशन आलं म्हणूनही अडत नाही. राहिलेला कर आणि त्यावरचं व्याज भरायचं, ३० दिवसांत ई-व्हेरिफाय करायचं, संपलं. २०२५ मध्ये भरलेल्या रिटर्नसाठी ही मुदत ३१ डिसेंबर २०२५ होती. १ एप्रिल २०२६ पासून नवा आयकर कायदा लागू होत असल्यामुळे तुमच्या वर्षाची तारीख पोर्टलवर बघूनच घ्या.

दुसरा, अपडेटेड रिटर्न म्हणजे आयटीआर-यू. २०२२ मध्ये ही सोय आली, २०२५ मध्ये तिची मुदत दोन वर्षांवरून चार वर्षांवर नेली. पण उशिराची किंमत आहे. कर आणि व्याजाच्या वर जादा रक्कम पहिल्या वर्षी २५ टक्के, मग ५०, ६० आणि चौथ्या वर्षी ७०. आपल्या टोकावड्याच्या मित्राच्या ८,३२० वर, व्याज बाजूला ठेवलं तरी, पहिल्या वर्षी २,०८० जादा आणि चौथ्या वर्षी ५,८२४. रिफंड वाढवून घ्यायला हा फॉर्म चालत नाही. आणि त्या वर्षाची स्क्रुटिनी सुरू झाली की हा दरवाजा बंद.

तिसरा, रेक्टिफिकेशन. तुम्ही सगळं बरोबर भरलंय, पण प्रोसेसिंगमध्ये टीडीएस धरायचा राहिला किंवा बेरीज चुकली, तर हा अर्ज. तुम्ही विसरलेलं उत्पन्न इथे घालता येत नाही.

आणि काहीच केलं नाही तर? खात्यानं चूक शोधली आणि उत्पन्न कमी दाखवलं असं ठरलं, तर त्या कराच्या ५० टक्के दंड होऊ शकतो. मुद्दाम खोटं दाखवलं असं ठरलं तर २०० टक्के. म्हणजे ८,३२० च्या वर १६,६४०!

हे 'मुद्दाम' प्रकरण हलक्यात घेऊ नका. जुलै २०२५ मध्ये आयकर खात्यानं देशभरात १५० ठिकाणी कारवाई केली. भाड्याच्या, राजकीय देणग्यांच्या, मेडिक्लेमच्या खोट्या वजावटी दाखवून रिफंड मिळवून देणारे एजंट हे त्यांचं टार्गेट होतं. त्याआधी महाराष्ट्रातही छापे पडले होते. पण त्याच वेळी खात्यानं आणखी एक आकडा सांगितला. मागच्या चार महिन्यांत सुमारे ४०,००० करदात्यांनी स्वतःहून अपडेटेड रिटर्न भरून १,०४५ कोटींचे खोटे दावे मागे घेतले होते. त्यात आपल्यासारखे पगारदार काही कमी नसणार. "रिफंड काढून देतो, दहा टक्के माझे" म्हणणारा एजंट नंतर फोन उचलत नाही, आणि रिटर्नवर पॅन त्याचा नसतो, तुमचा असतो.

जाता जाता एक टिप. खात्याच्या प्रत्येक पत्रावर डिन नंबर असतो, तो पोर्टलवर टाकून पत्र खरं की खोटं ते बघता येतं. "आज रात्री बारापर्यंत या लिंकवर पैसे भरा" असं सांगणारा मेसेज सरळ डिलीट करा. खरी स्क्रुटिनी आता बहुतेक ऑनलाइन, फेसलेस चालते. उत्तरं आणि कागद पोर्टलवरच द्यायचे असतात.

टोकावड्याच्या पुढे नाणेघाटात एक मोठा दगडी रांजण आहे. सातवाहनांच्या काळी व्यापारी त्यात जकात टाकून पुढे जायचे असं सांगतात. आपला रांजण आता ऑनलाइन झालाय, इतकंच. त्यात टाकायचं काही राहिलं असेल, तर या रविवारी लॅपटॉप उघडा, एआयएस डाउनलोड करा आणि रिटर्नशेजारी ठेवून एकेक ओळ ताडून बघा. तासाभराचं काम आहे. गोव्याचं बुकिंग त्यानंतर करा, झोप चांगली लागेल!