हरलेल्या पोराच्या हंगामाचा हिशेब कोण ठेवणार?



या आठवड्याच्या व्हिडिओत मी फ्लेक्सवर बोललो. दुकानदारानं वर्गणी द्यायची, मंडळानं फ्लेक्सवर त्याचा फोटो लावायचा आणि पंधरा दिवसांनी तोच फ्लेक्स कुणाच्या तरी गोठ्यावर ताडपत्री म्हणून जायचा. म्हशीला तुमचा चेहरा पाठ होतो, गिऱ्हाइकाला नाही! पण वेळेअभावी त्यातली खरी गोष्ट सांगायची राहिली, ती इथं लिहितो. विषय जरा लांबचा आहे, कॅनडातल्या पोरांच्या आइस हॉकीचा. मुरगूडला बर्फ फक्त रसाच्या गाड्यावर दिसतो हे मला मान्य आहे. तरी वाचा.

आइस हॉकी म्हणजे गोठवलेल्या बर्फावर, पायात पात्याचे बूट घालून खेळायची हॉकी. चेंडूऐवजी रबराची चकती. कॅनडात १६ ते २० वयाच्या पोरांसाठी तीन मोठ्या लीग आहेत. त्यातली एक वेस्टर्न हॉकी लीग. सप्टेंबरच्या शेवटी सुरू होते आणि मार्च अखेरपर्यंत एकेक संघ ६८ सामने खेळतो. निम्मे घरच्या मैदानावर, निम्मे बाहेर. त्यानंतर बाद फेरी वेगळी. गावं इतकी लांब लांब की पोरांचा निम्मा हंगाम बसमध्येच जातो. बाहेरगावचा पोरगा गावातल्याच एखाद्या कुटुंबात राहतो, त्यांच्याच ताटात जेवतो, तिथूनच शाळेला जातो. क्लब त्या घराला जेवणाखाणापोटी महिन्याला थोडी रक्कम देतो.

आता आपल्या कामाची गोष्ट. सास्कॅचेवान प्रांतात मूस जॉ म्हणून गाव आहे, साधारण आपल्या कागलएवढं. तिथला संघ ‘वॉरियर्स’. त्याच भागात स्विफ्ट करंट हे आणखी लहान गाव, मुरगूडपेक्षा थोडंच मोठं. तिथला संघ ‘ब्रॉन्कोज’. हे दोन्ही संघ कुणा एका शेठचे नाहीत, गावाचे आहेत. दूध संस्था डोळ्यासमोर आणा: संचालक मंडळ, वार्षिक सभा, शिल्लक राहिली तर संघातच. आपल्याकडं सहकार समजावून सांगायला लागत नाही, म्हणून पुढं जातो.

वॉरियर्स मूस जॉला आले १९८४ साली. लीगचं पहिलं विजेतेपद मिळालं २०२४ मध्ये. चाळीस वर्षं! चाळीस वर्षं ते गाव हिवाळ्यात तिकीट काढून पोरांचा खेळ बघत राहिलं. आमच्या क्लासमध्ये मी ‘टिकणारं गिऱ्हाईक’ म्हणून तास-तासभर बोलतो, त्यापेक्षा हे एक उदाहरण भारी आहे.

पण मला सगळ्यात जास्त आवडला तो त्यांचा एक नियम. १९९३ पासून या लीगमध्ये असं आहे की पोरगा जितके हंगाम खेळेल, तितक्या वर्षांचा पुढच्या शिक्षणाचा खर्च त्याच्या नावावर जमा. एक हंगाम, एक वर्ष. फी आणि पुस्तकं त्यात आली. गोल किती केले, संघ कितवा आला, याचा संबंध नाही. त्यालाही अटी आहेत, मुदत आहे, सगळंच काही गोड नाही. त्या पोरांना कामगारासारखं किमान वेतन मिळावं म्हणून २०१४ मध्ये माजी खेळाडूंनी कोर्टात दावासुद्धा लावला होता. म्हणजे ती लीग काही धर्मादाय नाही, तिकीट विकून चालणारा धंदाच आहे. पण त्या धंद्यानं एक गोष्ट मान्य केलीय: शंभरातल्या नव्वद पोरांना मोठ्या लीगमध्ये जागा मिळणार नाही, आणि त्या नव्वदांनीही हंगामभर घाम गाळलाय.

आता आपल्याकडं या.

आपलं जुनं आणि मोठं नाव म्हणजे कुस्ती. राजर्षी शाहू महाराजांनी बांधलेलं खासबाग मैदान १९१२ चं. मोतीबाग, गंगावेश, शाहूपुरी ही नावं राज्यभर माहीत आहेत. आणि आपल्या मुरगूडच्या संकुलातून तर मुलीसुद्धा राष्ट्रीय स्पर्धांपर्यंत गेल्या. दिवाळी झाली की यात्रांचा हंगाम सुरू होतो आणि मृगाचा पाऊस येईपर्यंत चालतो. हलगी कडाडते, लहान पोरांच्या शे-पन्नास रुपयांच्या कुस्त्या आधी, मग चढत चढत शेवटची मोठ्या इनामाची. जिंकला त्याला इनाम, हरला त्याला पाठीवर थाप. हे असंच असतं आणि मैदानात असंच असावं, माझी तक्रार नाही.

तक्रार मैदानाबाहेरची आहे. एका पोराच्या खुराकाचा हिशेब करा. दूध, तूप, बदाम, थंडाई, फळं. मी साधा धरतो, महिना आठ हजार. वर्षाला शहाण्णव हजार झाले, आणि हे सहा-सात वर्षं. कुणी म्हैस विकतं, कुणी ऊसबिल तालमीला लावतं. आणि विसाव्या वर्षी गुडघा गेला तर? पोराच्या हातात काय राहतं? कान मोडलेला, दहावी कशीबशी, आणि कपाटात ढाली. सरकारी नोकरीत खेळाडूंना पाच टक्के आरक्षण आहे, पण त्यासाठी स्पर्धेतला क्रमांक लागतो. यात्रेतल्या कुस्त्यांचा तिथं उपयोग नाही. माझ्या एका बॅचला असाच एक माजी पैलवान होता, टेम्पो चालवायचा. हिशेबाचा तास सुरू झाला की मागं जाऊन बसायचा. चहाच्या वेळी म्हणाला, “सर, मला टक्केवारी येत नाही. त्या वयात सकाळी जोर मारून शाळेत झोपायचो.” मला त्या दिवशी शिकवणं जमलं नाही, खरं सांगतो.

व्यापारी म्हणून आपण काय करतो? शेवटच्या मोठ्या कुस्तीला देणगी देतो, कारण नाव तिथं पुकारलं जातं. मला वाटतं आपला पैसा चुकीच्या टोकाला लागतोय.

म्हणून माझा प्रस्ताव. चाळीस दुकानं, महिना पाचशे रुपये. वीस हजार झाले. त्यातून वीस पोरं-पोरी, प्रत्येकी महिना एक हजार, पोस्टातल्या आरडीत. पोस्टाची आरडी पाच वर्षांची असते आणि दहा वर्षांवरच्या मुलाच्या स्वतःच्या नावानं खातं निघतं. तेराव्या वर्षी सुरू केलं की अठराव्या वर्षी मुदत संपते. साठ हजार मुद्दल, व्याज धरून सत्तर हजारांच्या आसपास. इंजिनिअरिंग होणार नाही त्यात. पण आयटीआय होतं, बी.कॉम. होतं, जीप-ट्रॅक्टरच्या गॅरेजला लागणारी पहिली हत्यारं येतात. अट एकच: वर्षभर तालमीत आणि शाळेत हजेरी. कुस्त्या किती मारल्या ते विचारायचं नाही. दोन हंगामांनी पोरगं सोडून गेलं तरी दोन वर्षांचे पैसे त्याचेच.

हे मी एका वस्तादांना सांगितलं. त्यांचं म्हणणं, “सर, आज पोराला दूध पाहिजे, तुम्ही पाच वर्षांनंतरचं सांगताय.” त्यांचं चुकत नाही. ज्याच्या घरी आजचं दूध नाही त्याला उद्याची पावती दाखवून काय उपयोग? म्हणून ज्यांना आजच गरज आहे त्यांच्यासाठी यात्रा कमिटीनं इनामातला काही भाग काढावा, असं मी सुचवलं. शेवटच्या कुस्तीचं इनाम थोडं कमी झालं म्हणून मैदान ओस पडत नाही. कमिटीवाले अजून हो म्हणालेले नाहीत, नाहीही म्हणालेले नाहीत.

दुसरा प्रश्न दुकानदारांकडून आला: मग आमचं नाव कुठं? बरोबर आहे, फुकट कशाला द्यायचं. तालमीच्या दारात एक फळा, त्यावर चाळीस नावं, वर्षभर. पोराचे आई-बाप, मामा, शेजारी रोज तिथून जाणार. ऊसबिल आल्यावर ही माणसं खत कुणाकडं घेतील, कापड कुणाकडं घेतील? फ्लेक्सचा खर्च काढून बघा आणि मला सांगा.

माझ्या क्लासतर्फे एका पोरीचं खातं या महिन्यात उघडतोय. आणखी सहा दुकानदारांनी शब्द दिलाय, त्यात दोन निपाणी रोडवरचे आहेत. दिवाळीच्या आत चाळीस व्हावेत अशी इच्छा आहे. पासबुक कुणाकडं ठेवायचं यावर मात्र परवा तासभर वाद झाला. मी म्हटलं तालमीत ठेवू. वस्ताद म्हणाले, “माझ्याकडं नको आणि बापाकडंही नको. आईकडं द्या.”