एक मेसेज घारीसाठी

बालमित्रांनो,

संक्रांत जवळ आली की गच्च्या कशा गजबजून जातात! "काटली रे काटली!" अशी आरोळी उठते आणि कटलेल्या पतंगामागे सगळी सेना धावत सुटते. पण पतंगाबरोबर तुटलेला मांजा कुठे जातो, याचा कधी विचार केलाय का तुम्ही?

तो जातो झाडावर नाहीतर विजेच्या तारांवर. सुती दोरा असेल तर उन्हापावसात कुजून तुटतो. नायलॉनचा मात्र कुजतच नाही. संक्रांत संपून शाळेची वार्षिक परीक्षा आली तरी तो फांद्यांना लटकलेलाच! त्याला काचेची पूड लावलेली असते, म्हणजे ती जणू टांगलेली सुरीच. वेगाने उडणाऱ्या घारीला, बगळ्याला किंवा घुबडाला एवढा बारीक दोरा दिसणार कसा? पंख अडकतो. सुटण्यासाठी पक्षी जितका फडफडतो तितका दोरा आत रुततो.

राष्ट्रीय हरित लवादाने जुलै २०१७ मध्ये नायलॉन मांज्यावर देशभर बंदी घातली. तरीसुद्धा तो लपूनछपून विकला जातो, कारण घेणारे आहेत. म्हणजे नुसता कायदा पुरत नाही. लोकांना सांगावं लागतं, समजवावं लागतं. पूर्वी आपण त्यासाठी प्रभातफेरी काढायचो. आता आईबाबांच्या फोनवर सोसायटीचा, वर्गाचा, नातेवाइकांचा असे ढीगभर ग्रुप असतात. मग त्यांचा उपयोग का करू नये?

आमच्या चौथीच्या वर्गात मी मुलांना असा मेसेज लिहायला सांगितला. एक मेसेज असा होता : "पक्षी वाचवा!!! हा मेसेज दहा जणांना पाठवा, नाहीतर पाप लागेल!!!" सगळे हसले. मी विचारलं, "हे वाचून तुम्ही काय कराल?" उत्तर आलं, "दहा जणांना पाठवू!" बघा, घारीच्या वाट्याला काय आलं? काहीच नाही.

दुसरा मेसेज असा : "आपल्या इमारतीमागच्या वडावर मांजा अडकला आहे. रविवारी सकाळी दहा वाजता मोठ्या माणसांबरोबर तो काढायचा आहे. जाड हातमोजे आणा. सकाळी आठच्या आधी आणि संध्याकाळी पाचनंतर पतंग उडवू नका, ती पक्ष्यांची जायची-यायची वेळ असते." यात कुठे, कधी आणि काय करायचं, सगळं आलं. असा मेसेज वाचून माणूस जागचा हलतो.

आता अमेरिकेतल्या शिकागो शहरातली एक गोष्ट. ५ ऑक्टोबर २०२३ रोजी तिथल्या एकाच मोठ्या काचेच्या इमारतीवर आपटून जवळजवळ हजार पक्षी मेले. ते रात्री स्थलांतर करणारे पक्षी होते. दिव्यांच्या उजेडाने ते भुलले आणि काच त्यांना कळली नाही. तिथल्या संग्रहालयात ते ओळीने मांडून ठेवले होते. तो फोटो जगभर फिरला, लोक हळहळले आणि त्यांनी जाब विचारला. पुढच्याच वर्षी त्या इमारतीच्या काचांवर बारीक ठिपक्यांची फिल्म लावली गेली आणि पक्षी आपटून मरण्याचं प्रमाण एकदम खाली आलं. नुसत्या फोटोने पक्षी वाचले नाहीत हं! फोटो पाहून माणसं कामाला लागली, म्हणून वाचले.

पण एक धोका आहे. चुकीचा मेसेजही तितक्याच वेगाने फिरतो. "मोबाइल टॉवरमुळे देशातल्या चिमण्या संपल्या," हा मेसेज तुमच्याही घरी आला असेल. भारतातल्या पक्ष्यांविषयीचा एक मोठा अहवाल २०२० मध्ये प्रसिद्ध झाला. हजारो पक्षीनिरीक्षकांच्या नोंदींवरून तो तयार केला होता. त्यात आढळलं, की देशभरातली चिमण्यांची संख्या साधारण स्थिर आहे, मात्र मुंबईसारख्या मोठ्या शहरांत ती घटली आहे. टॉवरमुळे त्या मरतात असा ठोस पुरावा नाही. टॉवरला दोष देऊन आपण मोकळे झालो, तर घरट्याला वळचण आणि पिल्लांना किडे कुठून मिळणार, हा खरा प्रश्न बाजूलाच राहतो.

तेव्हा मेसेज लिहिताना एवढं पाळा :

१. स्वतः पाहिलेलं किंवा मोठ्यांकडून खात्री करून घेतलेलंच लिहा. तारीख आणि ठिकाण घाला.

२. रक्तबंबाळ पक्ष्याचा फोटो टाकू नका. लोक तो बघायचं टाळतात. झाडावर लोंबणाऱ्या मांज्याचा फोटो पुरतो.

३. घरट्यातल्या पिल्लांचा फोटो काढायला जवळ जाऊ नका आणि घरट्याची जागा जाहीर करू नका.

४. जखमी पक्ष्याबरोबर सेल्फी? मुळीच नाही! आधी मोठ्यांना हाक मारा. दोरा ओढू नका. पक्ष्याला हलक्या हाताने कापडात धरून, भोकं पाडलेल्या खोक्यात अंधारात ठेवायचं. चोचीत पाणी ओतायचं नाही. मग पक्ष्यांच्या डॉक्टरांना किंवा महाराष्ट्र वनविभागाच्या १९२६ या क्रमांकावर कळवायचं.

५. विजेच्या तारेवरच्या मांज्याला हात लावायचा नाही. ते काम वीज कंपनीच्या माणसांचं.

पालकांनो, दोन शब्द तुमच्यासाठी. मजकूर मुलांना लिहू द्या, पण पाठवा तुम्ही, तुमच्याच फोनवरून. आणि आपलं मूल पक्ष्यांसाठी मेसेज लिहीत असताना चक्रीला नायलॉनचा मांजा गुंडाळलेला नाही ना, तेही बघा. मुलं मेसेजपेक्षा आपल्याकडे जास्त बघतात.

तर दोस्तांनो, या आठवड्याचा गृहपाठ : घराजवळच्या पाच झाडांकडे नीट बघा. कुठे मांजा लटकतोय ते वहीत लिहा आणि त्यावरून पाच ओळींचा मेसेज तयार करा. पाच ओळी पुरेत. काम मात्र रविवारी सकाळी झालंच पाहिजे!

तुमच्या बाई