गोठ्यातली मॅट आणि बिडाच्या प्लेटा

तीन वर्षांपूर्वी भाच्याच्या मुंजीत हौसेनं खालच्या पंगतीला बसले आणि नंतर उठताच येईना. आजूबाजूची पानं उठली, वाढपी दुसऱ्या पंगतीची पत्रावळ मांडायला आले, तरी मी डावा हात जमिनीला टेकून गुडघ्यांची मनधरणी करत बसलेली. शेवटी बहिणीच्या सुनेनं दंडाला धरून मला उभं केलं. तेव्हा मी ५८ वर्षांची होते आणि रोज सकाळी रंकाळ्याला फिरायला जात होते. कोल्हापुरात ३४ वर्षं शाळेत गणित शिकवलं, तेही उभं राहून. त्यामुळे पाय आपले मजबूत आहेत, असा माझा समज होता.

डॉक्टरांनी मला खुर्चीवर बसवलं, हात छातीशी घ्यायला सांगितले आणि म्हणाले, "आता उठा." तिसऱ्या वेळी मी खुर्चीचा हात धरला. "चालता ते चांगलंच आहे," ते म्हणाले, "पण चालून दम वाढतो. ताकद वाढवायची तर ओझं उचलावं लागेल."

घरी येऊन पहिला विचार आला तो गॅलरीतल्या ट्रेडमिलचा. लॉकडाउननंतर ३८ हजारांना घेतली होती. तिच्यावर पहिले दोन महिने मी चालले आणि त्यापुढे आमच्या गोधड्या वाळल्या. ओझं उचलायला ती काहीच कामाची नव्हती.

जागतिक आरोग्य संघटनेनं २०२० साली व्यायामाच्या सूचना सुधारून दिल्या. त्यातलं आठवड्याला किमान १५० मिनिटं चालण्याचं वाक्य सगळ्यांना पाठ असतं. आठवड्यातून किमान दोन दिवस सगळ्या मोठ्या स्नायूंना जोर पडेल असा व्यायाम करा, हे त्याच सूचनांत लिहिलेलं वाक्य मात्र आपल्याकडे कोणी वाचत नाही. तिशीनंतर स्नायू हळूहळू झिजतात, साठीनंतर जास्त वेगानं. फिरायला येणाऱ्या आमच्या घोळक्यात साखर, रक्तदाब, कोलेस्टेरॉल या सगळ्यांचे आकडे निघतात. पण आपण जमिनीवरून किती किलो उचलू शकतो हे कोणालाच माहीत नसतं.

आता वय झालं, असं म्हणणाऱ्यांना मी १९९० सालचा एक प्रयोग सांगते. बोस्टनमधल्या एका वृद्धसेवा केंद्रात डॉ. मारिया फियातारोने आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी नव्वदीच्या आसपासच्या दहा जणांकडून आठ आठवडे पायांचा वजनाचा व्यायाम करून घेतला. वजन नावापुरतं नव्हतं, चांगलं जड होतं आणि ते वाढवतही नेलं. पायांची ताकद सरासरी १७४ टक्क्यांनी वाढली, म्हणजे पावणेतीन पट झाली. दोघांची काठी सुटली. माणसं दहाच होती, हे गणिताची शिक्षिका म्हणून मला सांगायलाच हवं; पण नव्वदीतला स्नायूही सांगितलेलं ऐकतो, हे त्यातून दिसलं आणि माझ्यासाठी तेवढं पुरेसं होतं.

राहिला प्रश्न बायकांचा. वजन उचलायचं म्हटल्यावर घरातून पहिला शब्द आला, "बायकांनी जड उचलू नये." हे सांगणाऱ्या माणसाच्या घरात दर महिना-दीड महिन्याला गॅसचं भरलेलं सिलिंडर दारातून ओट्याखाली कोण नेत होतं? आत १४.२ किलो गॅस आणि टाकीचं स्वतःचं साधारण तेवढंच वजन, म्हणजे ३० किलोच्या घरात. माझी आई डोक्यावर हंडा आणि कमरेवर कळशी घेऊन आडावरून यायची. पंधरा लिटर पाणी म्हणजे पंधरा किलो, तांब्याचा भार वेगळा. बायकांनी जड उचलू नये हा नियम घरकामाला कधीच नव्हता, तो फक्त व्यायामाला होता.

माझे वडील तालमीत जायचे. तांबडी माती, जोर, बैठका, करेला, सगळं रोजचं. आम्हा मुलींना तालमीच्या उंबऱ्याच्या आत यायला बंदी, म्हणून मी बाहेर त्यांची सायकल धरून उभी राहायची. तिथून एक गोष्ट दिसायची: नव्या पोराला वस्ताद हलका करेला द्यायचे आणि तो सहज फिरायला लागला की काढून घ्यायचे. दुसऱ्या दिवशी हातात जड करेला. पोरगं कुरकुरायचं, पण वस्तादांचा हिशोब पक्का असायचा. आजचे प्रशिक्षक यालाच इंग्रजीत मोठं नाव देऊन शिकवतात. शरीराला जे सोपं झालं, त्यानं ताकद वाढत नाही. आणखी थोडं जड झालं की वाढते.

एवढी एक गोष्ट पटली की घरच्या जिमचा सगळा खर्च कसा करायचा हे आपोआप ठरतं. जे वजन वाढवता येतं ते घ्यायचं, जे वाढवता येत नाही ते कितीही चकचकीत असलं तरी सोडायचं.

याच कारणानं बागेतल्या त्या हिरव्या-पिवळ्या ओपन जिमवर माझा राग आहे. गावोगावी ती बसवली आहेत. लोक सकाळी त्यावर झुलतात, गप्पा मारतात, सांधे मोकळे होतात, तेही चांगलंच. पण त्यातल्या बहुतेक यंत्रांना वजन कमी-जास्त करायची सोयच नसते. पहिल्या दिवशी जेवढा जोर लागतो, तेवढाच वर्षानंतर. नगरसेवकाच्या नावाची पाटी मात्र प्रत्येक यंत्रावर असते. त्याच पैशात वॉर्डातल्या एका बंद खोलीत सळ्या, प्लेटा आणि दोन तास थांबणारा एक जाणता माणूस मिळाला असता.

माझ्या खरेदीची सुरुवात शिवाजी उद्यमनगरातून झाली. कोल्हापूर हे ओतकामाचं गाव. इथं लोखंड विकत घ्यायला ऑनलाइन जायचं म्हणजे पन्हाळ्यावर राहून पावसाची वाट बघण्यासारखं. लेथवर माझाच एक जुना विद्यार्थी निघाला, दहावीला गणितात काठावर पास झालेला.

"पाच फुटी सळी पायजे, २८ मिलिमीटर," मी म्हटलं.

"कशाला ओ बाई? पडद्याला?"

"उचलायला."

"कोण उचलणार?"

"मी."

त्यानं लेथ बंद केली. माझ्याकडे नीट बघितलं आणि मग सळीकडे. "२८ गुणिले २८ भागिले १६२. मीटरला चार किलो आठशे चाळीस. पाच फुटाला सात किलो चारशे धरा, बाई." सगळं तोंडी. व्यासाचा वर्ग भागिले १६२ हे सूत्र मी त्याला कधी शिकवलं नव्हतं. मी घरी येऊन वहीवर करून पाहिलं, बरोबर होतं. काठावर पास कोण झालं होतं, त्याची मला शंका यायला लागली.

त्यानं टोकं घासून दिली आणि हात सरकू नये म्हणून मधे खरखरीत खाचा पाडल्या. दोन कॉलर आणि डंबेलसाठी चौदा इंची दोन आखूड सळ्यांसकट दीड हजार झाले. एका बंद पडलेल्या जिमच्या मालकाकडून बिडाच्या जुन्या प्लेटा घेतल्या. ९० रुपये किलोनं ६० किलो, म्हणजे ५ हजार ४००. घेण्याआधी भोक मोजा. आपल्याकडच्या साध्या प्लेटांचं भोक तीस मिलिमीटरच्या आसपास असतं, ऑलिंपिक म्हणतात त्यांचं पन्नास. एकाची सळी आणि दुसऱ्याच्या प्लेटा घेऊन बसलेली माणसं मी पाहिली आहेत. दुसरं म्हणजे प्लेटेवरच्या आकड्यावर विश्वास ठेवू नका. माझी पाच किलोची एक प्लेट पिठाच्या गिरणीतल्या काट्यावर चार किलो सातशे भरली, तिची जोडीदार पाच किलो शंभर. चारशे ग्रॅमचा फरक एका बाजूला घेऊन वाकायचं कशाला? प्रत्येकीवर ऑइलपेंटनं खरं वजन लिहिलं आणि जोड्या नव्यानं लावल्या.

प्लास्टिकच्या आवरणात सिमेंट किंवा वाळू भरलेले स्वस्त संच मिळतात. सुरुवातीला चालतील, पण ते फुगीर असतात, सळीवर लवकर जागा संपते आणि एकदा तडा गेला की फरशीभर वाळू. बीड आपटलं तर वाईट, पण सांभाळलं तर नातवापर्यंत टिकतं. विकायचं झालं तरी भंगारात भाव आहे.

मॅटसाठी खेळाच्या दुकानात गेले तर किंमत ऐकून परत आले. मग गोकुळला दूध घालणाऱ्या चुलतभावानं डोळे उघडले. त्याच्या गोठ्यात म्हशी ज्या जाड रबरी मॅटवर उभ्या असतात, तीच मी आणली. साडेसहा फूट बाय चार फूट, १९०० रुपये. म्हशीचं वजन सोसते ती माझं सोसेलच. पहिले आठ दिवस हॉलमध्ये रबराचा वास होता, हे कबूल करते. उन्हात टाकली, गेला.

चौथी खरेदी चुकली. वेल्डरकडून २२०० रुपयांचा बाक करून घेतला. त्याच्यावर झोपून छातीवर सळी घ्यायची हिंमत एकटीनं घरात होत नाही, आणि होऊही नये, कारण हात थकले तर सळी उचलायला कोण आहे? तो व्यायाम मी जमिनीवर उताणी पडून डंबेलनं करते. सध्या बाकावर वर्तमानपत्रांची रद्दी आहे आणि उठबशांना त्याचा काठ टेकायला उपयोगी पडतो, एवढंच. सगळा खर्च ११ हजार. बाक वजा केला तर आणखी कमी.

सोमवार आणि गुरुवार, संध्याकाळी पाच, चाळीस मिनिटं. बैठक, जमिनीवरून उचलणं, वर ढकलणं, पोटाकडे ओढणं आणि शेवटी दोन हातांत दोन डंबेल घेऊन हॉल ते स्वयंपाकघर फेऱ्या. प्रत्येकाचे आठ-दहाचे तीन फेरे. सांगायला मजा येणार नाही इतकं साधं आहे. पहिले दोन महिने एका जाणकार मुलीला घरी बोलावून उचलायची पद्धत शिकले. पैसे तिथे वाचवू नयेत असं माझं ठाम मत आहे. रक्तदाब, हर्निया, काचबिंदू असेल तर आधी डॉक्टर, आणि कोणीही श्वास कोंडून उचलू नये.

एक धडा मात्र गणितातूनच आला. दुकानात डंबेल अडीच-अडीच किलोच्या टप्प्यानं मिळतात. पाचवरून साडेसातवर जायचं म्हणजे एकदम पन्नास टक्के वाढ. अशी पगारवाढ कोणी देत नाही, खांदा कशी देईल? म्हणून मोठ्या प्लेटांआधी लहान प्लेटा जमवा. मी त्याच लेथवरून अर्ध्या-अर्ध्या किलोच्या चार चकत्या कापून घेतल्या. माझी जी काही प्रगती आहे, ती त्या चकत्यांवर झाली आहे.

पहिल्याच आठवड्यात प्लेट हातातून सुटली आणि खालच्या मजल्यावरून फोन आला, "मॅडम, काय पडलं ओ?" मग सोसायटीच्या सचिवांनी स्लॅबचा मुद्दा काढला. राहत्या खोल्यांसाठी भारतीय मानकात चौरस मीटरला दोनशे किलोच्या आसपास भार धरलेला असतो. माझं सगळं लोखंड सत्तर किलो, मॅटभर पसरलेलं. त्यांच्या स्वतःच्या घरातल्या पुस्तकांच्या कपाटाखाली याहून जास्त वजन आहे, हे त्यांना मोजून दाखवलं. स्लॅबला भार झेपतो, दणका सोसत नाही, आणि खालच्या बाईंनाही सोसत नाही. म्हणून वजन टाकायचं नाही, ठेवायचं. दुपारी दोन ते चार लोखंडाला हात लावायचा नाही, हा करार आजही पाळते.

आता ६१ पूर्ण झाली. जमिनीवरून ४५ किलो पाच वेळा उचलते. दोन वर्षांपूर्वी नुसती सळी उचलताना कंबर आखडली होती. गेल्या महिन्यात एका बारशाला मुद्दाम खाली पंगतीला बसले आणि हात न टेकता उठले. कोणाच्याही लक्षात आलं नाही.

आमच्या सोसायटीच्या तळमजल्यावर एक खोली आहे, गणपतीचं मखर आणि फुटक्या कुंड्या ठेवायला. येत्या वार्षिक सभेत ती मागणार आहे. ४० घरांनी प्रत्येकी ५०० रुपये काढले तर २० हजार होतात. माझ्या हॉलात आहे त्याच्या जवळपास दुप्पट लोखंड तेवढ्यात येतं. तुमच्याही इमारतीत अशी एक खोली असेल, बघा. आणि सभेत कोणी ट्रेडमिल सुचवली तर त्यांना आमची द्या, फुकट. चौथ्या मजल्यावरून उतरवायची आहे. एक बाजू मी धरते.