हात कामात, कान गाण्यात

काम करता करता ऐकलेले गाणे हे खरे ऐकणेच नव्हे, असे मत आपल्या वाङ्मयीन आणि सांगीतिक वर्तुळांत बऱ्यापैकी रुजलेले आहे. गाणे कसे ऐकावे? तर हातातले सारे बाजूला ठेवून, शक्यतो डोळे मिटून, चित्त एकाग्र करून. सुतार रंधा मारीत असताना, शिंपी यंत्र चालवीत असताना फळीवरच्या रेडिओतून जे येते ते नुसते ‘लावून ठेवलेले’ असते, आणि लावून ठेवणाऱ्यास रसिक म्हणता येत नाही. हे मत आम्हांस मान्य नाही. त्यामागे सौंदर्यविचार कमी आणि सवडीचा अहंकार अधिक आहे, असे आम्हांस वाटते.

संस्कृत काव्यशास्त्रातील ‘सहृदय’ आपण वर्गात शिकवतो. काव्याच्या सततच्या अभ्यासाने ज्याच्या मनाचा आरसा स्वच्छ झाला आहे असा तो अभिनवगुप्तांचा वाचक. या आरशाच्या मालकाच्या हातांत त्या वेळी काय होते, हा प्रश्न मात्र कोणी विचारीत नाही. हात रिकामे असणार, हे गृहीतच धरलेले असते. आपल्याकडील आदर्श श्रवणाच्या आठवणीही अशाच आहेत. १९५५-५६ साली पुणे आकाशवाणीवरून ‘गीतरामायण’ दर आठवड्याला प्रसारित होऊ लागले, तेव्हा लोक रेडिओस हार घालून समोर बसत, हे आपण सर्वांनी ऐकलेले आहे. ती आठवण सुंदर आहे, यात शंका नाही. पण तिला श्रवणाची एकमेव मोजपट्टी करून ठेवले, की ज्याचा दिवस हातांच्या कामातच उगवतो आणि मावळतो, तो माणूस श्रोता म्हणून आपल्या हिशेबातूनच जातो.

वास्तविक मराठीच्या अभ्यासकांनी तरी ही चूक करावयास नको होती. आपल्या भाषेतील फार मोठे काव्यधन घरातल्या कामावर, जात्याच्या खुंट्याला धरून जन्मले. साने गुरुजींपासून सरोजिनी बाबर, दुर्गा भागवतांपर्यंत अनेकांनी त्या ओव्यांकडे लक्ष वेधले. गी पॉइटवँ आणि हेमा राईरकर यांनी उभ्या केलेल्या संग्रहात तर एक लाखाहून अधिक ओव्या आहेत. तो आज ‘परी’ या संकेतस्थळावर ऐकावयास मिळतो. पण आपण अभ्यासक्रमात काय करतो? ओवी जात्यावरून उचलतो, धुऊन-पुसून छापतो, आणि मग माहेर, भाऊ, विठ्ठल, सासुरवास अशा विषयवार कप्प्यांत लावून देतो. खाली छोट्या टाइपात ‘श्रमगीत’ असा शिक्का मारला, की श्रमाचे काम संपले.

त्या श्रमाचा ओवीशी संबंध केवळ प्रसंगापुरता नसतो. एका हाताने खुंटा फिरवावयाचा, दुसऱ्याने वैरण घालावयाची. वैरण कमी पडली की दगडाला दगड घासतो आणि जात्याचा आवाज बदलतो, जास्त झाली तर पीठ जाडसर पडते. म्हणजे गाणाऱ्या बाईचा कान एकाच वेळी दोन ठिकाणी असतो, स्वतःच्या (किंवा समोरच्या सोबतिणीच्या) गळ्याकडे आणि दगडाच्या घरघरीकडे. पहिली ओवी अमक्या देवाला, दुसरी तमक्या देवाला, अशी मोजणीची जी रीत दिसते, तिला आम्ही वर्षानुवर्षे निव्वळ भक्तीचे लक्षण म्हणून शिकवीत आलो आहोत. पण दळण किती सरले, किती उरले, याचे भानही त्या मोजणीत मिसळलेले नसेल कशावरून? निदान वर्गात हा प्रश्न विचारावयास हरकत नाही.

यावर एक आक्षेप येईल, आणि तो रास्त आहे. जात्यावर बाई स्वतः गात होती. गाणे तिचे, लय तिची. रेडिओ आला, तेव्हा गळा आणि हात यांची फारकत झाली. आता गाणार दुसरेच कोणी, राबणार आपण. मग हे संगीत म्हणजे कामगाराच्या पाठीवरचा मऊ चाबूकच नव्हे काय?

कधी कधी तसे झालेले आहे. दुसऱ्या महायुद्धात, १९४० साली, बीबीसीने ‘म्युझिक व्हाइल यू वर्क’ नावाचा कार्यक्रम सुरू केला. दिवसातून दोनदा, अर्धा-अर्धा तास, कारखान्यांतील ध्वनिक्षेपकांवरून सलग संगीत ऐकवावयाचे. हेतू उघड होता, उत्पादन वाढावे. आवाजाची पातळी एकसारखी हवी, लय ओढाताणीची नको, चाली ओळखीच्या हव्यात, असे त्याचे दंडक होते. ‘डीप इन द हार्ट ऑफ टेक्सास’ हे त्या काळचे लोकप्रिय गाणे या कार्यक्रमातून वगळण्यात आले, कारण त्यातल्या टाळ्यांच्या जागी कामगार हातातली हत्यारे आपटतील, अशी भीती होती. आम्हांस हा तपशील फार बोलका वाटतो. ज्यांनी हे संगीत योजले, त्यांनाही पक्के ठाऊक होते, की काम करणारा माणूस ऐकतो आणि हातांनी उत्तर देतो. लक्ष नसते, तर बंदी घालावी लागली नसती.

घरातल्या कारखान्याची गोष्ट मात्र वेगळी आहे. तेथे ध्वनिक्षेपकाची कळ दुसऱ्याच्या हातात नसते. येवल्यात घराच्या खोलीतच माग असतो आणि त्यावर पैठणी विणली जाते. पदराच्या नक्षीसाठी रंगारंगांच्या छोट्या कांड्या हाताने फिरवाव्या लागतात, ताण्याचे धागे मोजावे लागतात. गाणे केव्हा लावावयाचे आणि केव्हा बंद करावयाचे, हे अशा घरात कामच सांगते.

आमच्यापैकी एकाने घरामागच्या पडवीत सुतारकामाचे बाक मांडले आहे. पुस्तकांचे मांडण, पाट, असलेच काहीबाही होते तेथे. (मांडणात पुस्तके कमी आणि तपासावयाच्या उत्तरपत्रिकाच अधिक असतात, हा भाग निराळा.) त्याचा अनुभव असा, की रंधा मारताना विलंबित ख्याल उत्तम चालतो. लांब हात जातो, लांब सूर जातो. द्रुत सुरू झाले, की हात नकळत घाई करू लागतो आणि पाते लाकडात रुतते. माप घेताना आणि खाचा पाडताना भावगीत अजिबात चालत नाही, कारण शब्द आकड्यांच्या वाटेत येतात. उलट कानस मारणे, पॉलिश घासणे, अशा कंटाळवाण्या कामांत शब्द हवेतच. तेव्हाच गाण्यातली एखादी अशी जागा ध्यानात येते, जी समोर बसून दहादा ऐकताना निसटली होती. याचे कारण आम्हांस असे दिसते, की समोर बसलेल्या मनाला समजून घेण्याची फार घाई असते आणि हात गुंतले म्हणजे ती घाई ओसरते. हा सिद्धान्त नव्हे, निरीक्षण आहे. पण आपल्या आस्वादमीमांसेत अशा निरीक्षणाला जागाच नसावी, याचे नवल वाटते.

प्रत्येक काम गाणे सोसते असे मात्र नव्हे. मिरजेचे उदाहरण घ्या. तेथील सतारमेकर घराण्यांत एकोणिसाव्या शतकापासून सतारी आणि तंबोरे घडत आलेले आहेत. पंढरपूरकडच्या भागातून भोपळे येतात, ते वाळवून, कापून, त्यांस लाकडी दांडी जोडली जाते. मिरजेच्या सतारीस आणि तंबोऱ्यास २०२४ साली भौगोलिक मानांकनही मिळाले. भोपळा साफ करताना, नक्षी कोरताना रेडिओ चालेल. पण जवारी काढावयाची वेळ आली, की खोलीत दुसरा सूर चालत नाही. घोडीच्या माथ्यावर कानशीचा हलका हात फिरवावयाचा, तार चढवावयाची, छेडावयाची, ऐकावयाचे, पुन्हा उतरवून घासावयाचे. तारेखालचा सुती दोरा केसभर सरकला तरी नाद उघडतो किंवा मिटतो. येथे ऐकणे हेच काम आणि कानस हे त्या ऐकण्याचे अवजार. अब्दुल करीम खाँ ज्या मिरजेत राहिले, त्या गावात गवयाच्या मागे झंकारणारा नाद आधी कोणा कारागिराच्या कानाने ठरविलेला असे. त्यास मैफलीतला रसिक म्हणावयाचे की नाही?

आता कानांत बोंडे घालून काम करण्याची रीत आली आहे. आम्ही या रीतीच्या विरोधात आहोत, आणि केवळ अपघाताच्या भीतीने नव्हे. रंध्याचा आवाज बदलला की पाते बोथट झाले, करवतीचा बदलला की गाठ आली, हे लाकूडच सांगत असते. बोंडे घातली की गाणे तेवढे उरते आणि लाकूड मुके होते. गाणे फळीवरच असावे, थोडे दूर, भुश्शाच्या धुळीतून येणारे.

पुढील सत्रात ओवी शिकवताना आम्ही छापील संहिता आधी देणार नाही. ध्वनिमुद्रण ऐकवू. जात्यावर घेतलेल्या ध्वनिमुद्रणात शब्दांमागे जात्याची घरघर ऐकू येते आणि मधले शब्द कधी पुसट होतात. वर्गातला एखादा तंत्रकुशल विद्यार्थी नक्की म्हणेल, की सर, हा मागचा आवाज काढून स्वच्छ करून देऊ का. त्यास आम्ही सांगू, की आधी तो आवाज लिहून काढ. कोठे मंदावतो, कोठे चढतो आणि त्या वेळी बाई कोणता शब्द गात असते, हे पाहा.