माळ्यावरची ट्रंक या गणपतीत खाली काढा

महाड-पोलादपूरच्या घरांना एक कळकळीची विनंती. गणपतीला मुंबईची भावकी गावी येईल, तेव्हा माळ्यावरची पत्र्याची ट्रंक खाली काढा. शेतसाऱ्याच्या पावत्यांखाली पणजोबांचे मृत्युपत्र सापडेल. वाटण्या कधीच्याच झाल्या, आता ही रद्दी, असे म्हणून ते चुलीत घालू नका. आपले आडनाव कुठून आले, हे सांगणारा घरातला तो एकच कागद असू शकतो.

आपल्या मुलखात आडनावे एकदोन पिढ्यांत पालटली. मंडणगड तालुक्यातल्या आंबडवे गावचे सकपाळ शाळेच्या पटावर आंबडवेकर झाले, पुढे आंबेडकर. याच नावाने बाबासाहेबांनी 20 मार्च 1927 ला महाडच्या चवदार तळ्याचे पाणी ओंजळीत घेतले. त्यांच्या आडनावाची हकीकत सर्वांना ठाऊक आहे. आपल्या घरची कोणी लिहून ठेवली?

जुन्या कागदात माणूस ‘अमुक बिन तमुक’ असतो, म्हणजे तमुकाचा मुलगा. बाई ‘कोम’ लावून नवऱ्याच्या नावाने येते. आडनाव कधी नसतेच, कधी साक्षीदाराच्या सहीत भलतेच निघते, आणि तो साक्षीदार सख्खा चुलता असतो. चतुःसीमेत शेजारचे भाऊबंद भेटतात. वंशावळीने गाळलेली मुलगीही इथे सापडते, कारण बापाने तिच्या नावे एखादा दागिना ठेवलेला असतो.

22 जुलै 2021 ला सावित्री नदीचे पाणी महाडच्या बाजारपेठेत शिरले. तळिये, केवनाळे, साखर सुतारवाडीवर दरडी कोसळल्या. माणसे गेली, तिथे कागदांचे काय बोलावे. पण जे वाचले ते पुढच्या पावसाच्या भरवशावर ठेवू नये.

ओलसर कागद सावलीत वाळवा. लॅमिनेशन नको, चिकटपट्टी नको. मागच्या बाजूसह, शिक्क्यांसह प्रत्येक पानाचा फोटो घ्या आणि एक संच गावाबाहेरच्या नातेवाइकाकडे ठेवा. मोडीतला कागद जाणकाराकडून वाचून घ्या. नोंदणीचा शिक्का असेल, तर 1908 च्या नोंदणी कायद्याप्रमाणे मृत्युपत्रे तीन नंबरच्या पुस्तकात नोंदतात. करणारा वारल्यावर त्या नोंदीची नक्कल कोणीही अर्ज करून मागू शकतो. मृत्युपत्राची नोंदणी मात्र सक्तीची नाही. बिननोंदणीचे असेल, तर तुमच्या ट्रंकेतली प्रत हीच बहुधा शेवटची.

आणि वाचायला बसाल तेव्हा घरातल्या थोरल्या आत्याला शेजारी बसवा. त्या ‘कोम’पुढची बाई कुठल्या वाडीची, हे तिलाच माहीत असेल.